दुधाचे दात पडतात, जबडा मात्र तोच राहतो

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही साखर कारखान्याच्या आधाराने उभी राहिलेली वसाहत आहे. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रांग लागते, हवेत मळीचा वास भरून राहतो आणि आसपासच्या बाजारपेठांतील दुकानांना वर्षाची खरी कमाई देणारे दिवस येतात. उसाशी जैन समाजाचे नाते व्यापारापुरते नाही. भगवान ऋषभदेवांचे दीर्घ तपानंतरचे पारणे श्रेयांसकुमारांनी अर्पण केलेल्या इक्षुरसाने झाले. आजही अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसानेच होते. गोडवा हा अशा रीतीने या परिसराचा उद्योग आहे आणि समाजाचा संस्कारही आहे.

अशा एखाद्या गावातील व्यापारी कुटुंबाची कल्पना करावी. पुढे किराणा किंवा कापडाचे दुकान, मागे राहते घर. सात वर्षांची नात जेवायला बसते. घास चावताना तिचा खालचा जबडा किंचित डावीकडे सरकतो. तोंड मिटले की हनुवटी नाकाच्या रेषेत न राहता एका बाजूला झुकते. आईच्या ते लक्षात आलेले असते. ती हळूच विषय काढते, तेव्हा आजी म्हणते, "अगं, दुधाचे दात आहेत ते. पडतील, नवे येतील, आपोआप सरळ होईल सगळं." वडील गल्ल्यावरून सांगतात, "हंगाम संपू दे, मग बघू." हंगाम संपतो, लग्नसराई लागते. लग्नसराई संपते, चातुर्मास येतो. पाहता पाहता मुलगी तेरा वर्षांची होते.

आजीचे म्हणणे प्रेमाचे असते आणि अर्धे खरेही असते. दुधाचे दात पडतात, त्यांच्या जागी पक्के दात येतात. पण दात ज्या हाडात रुजतात तो जबडा बदलून मिळत नाही. तो ज्या वळणाने वाढला त्याच वळणाने पुढे राहतो. या लेखाचा विषय हाच आहे: मुलांच्या जबड्याची कोणती वाकडी वाढ लवकर सुधारावी लागते, कोणती थांबून सुधारली तरी चालते, आणि ही निवड पालकांनी कशी करावी.

डबा आणि झाकण

वरचा जबडा आणि खालचा जबडा यांचे नाते डबा आणि झाकणाचे आहे. निकोप रचनेत वरची दंतपंक्ती खालच्या पंक्तीपेक्षा थोडी रुंद असते आणि तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांच्या सर्व बाजूंनी किंचित बाहेर बसतात. हे झाकण एखाद्या ठिकाणी आत शिरले, म्हणजे वरचे दात खालच्या दातांच्या आतल्या अंगाला बसू लागले, की त्या स्थितीला दंतवैद्यकात क्रॉसबाइट म्हणतात. मराठीत त्याला उलटा चावा म्हणता येईल.

हा उलटा चावा दोन ठिकाणी दिसतो. पुढच्या दातांत तो असेल तर हसताना खालचे दात वरच्या दातांपुढे दिसतात. मागच्या दाढांत असेल तर तो सहजासहजी दिसत नाही आणि म्हणूनच अधिक काळ दुर्लक्षित राहतो. वरचा जबडा अरुंद राहिला की दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत, टोकावर टोक येते. मुलाला ते अडचणीचे वाटते आणि चावणे सोयीचे व्हावे म्हणून ते नकळत खालचा जबडा एका बाजूला सरकवते. दिवसातून शेकडो वेळा, प्रत्येक घासाला आणि प्रत्येक आवंढ्याला हेच घडते. वाढत्या वयात स्नायू आणि जबड्याचा सांधा या सरकण्याशी जुळवून घेतात. आज जी केवळ सवय आहे तिचे काही वर्षांत हाडाच्या असमान वाढीत रूपांतर होऊ शकते. अशा वेळी मूळ दोष वरच्या जबड्याच्या रुंदीत असतो आणि घरच्यांना मात्र फक्त हनुवटी वाकडी दिसते.

पुढच्या दातांच्या उलट्या चाव्याचे परिणाम वेगळे आहेत. वरचा एखादा दात खालच्या दातामागे अडकला की प्रत्येक चाव्यासरशी खालचा दात पुढे रेटला जातो. त्याच्या मुळाशी असलेली हिरडी खाली उतरू लागते आणि दातांच्या कडा झिजतात. ही झीज पुढे भरून येत नाही.

आजीचे म्हणणे कुठे चुकते

माणसाला दुधाचे वीस आणि पक्के बत्तीस दात असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली पक्की दाढ येते. ती दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेत उगवते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. त्यामुळे अनेक घरांत तिला दुधाचीच दाढ समजतात, ती किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात आणि आयुष्यभराची दाढ सातव्या-आठव्या वर्षीच गमावतात. सहा ते आठ या वयात पुढचे पटाशीचे दात बदलतात. नऊ ते बारा या काळात सुळे व उपदाढा येतात आणि बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी पक्की दाढ येते. सहा ते बारा हा काळ दुधाच्या आणि पक्क्या दातांच्या एकत्र वस्तीचा असतो आणि जबड्याला वळण लावण्याची संधी प्रामुख्याने याच काळात मिळते.

बोट चोखणे वेळीच सुटले तर अगदी लहान वयातील काही सौम्य उलटे चावे आपोआप सुधारतात, हे खरे आहे. पण पहिल्या पक्क्या दाढा उलट्या बसल्या की पुढे ते आपोआप सुलटे होण्याची शक्यता फार थोडी उरते. नवे दात जुन्यांच्याच वळणावर येऊन बसतात.

दुधाच्या दातांचे आणखी एक काम असते. पक्क्या दातांची जागा ते राखून ठेवतात. दुकानातून येता-जाता तोंडात टाकलेला गुळाचा खडा, पेपरमिंट, चॉकलेट आणि बिस्किटे यांनी दुधाच्या दाढा किडतात. दुखू लागल्या की त्या काढल्या जातात. मग शेजारची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही. तो आडवा येतो किंवा हाडातच अडकतो. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर ती जागा धरून ठेवणारी छोटी तारेची कडी बसवता येते. दंतवैद्य तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. दाढ काढताना "जागा राखण्यासाठी काही बसवावे लागेल का?" एवढा एक प्रश्न पालकांनी विचारला तरी पुढची बरीच उलथापालथ टळू शकते.

कारणे घरातही आणि रक्तातही

उलट्या चाव्याचे कारण प्रत्येक मुलात एकच नसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरही अंगठा किंवा बोट चोखण्याची सवय राहिली तर गालांचा दाब दाढांवर आतून पडणाऱ्या जिभेच्या आधाराविना येत राहतो आणि वरचा जबडा अरुंद होतो. बाटलीने दूध पिणे फार काळ लांबले तरी तेच घडते. नाकाच्या मागील भागातील अ‍ॅडेनॉइड किंवा घशातील टॉन्सिल सुजलेले असतील, किंवा ॲलर्जीने नाक सतत चोंदत असेल, तर मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. तोंड उघडे राहिले की जीभ टाळूला टेकत नाही आणि टाळू उंच व अरुंद होण्याकडे झुकतो. अशा मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे लागते. श्वासाची वाट मोकळी न करता केवळ दातांना तार लावली तर दोष परत येण्याचा धोका राहतो. दुधाचा दात वेळेवर न पडणे, पडून हनुवटीला मार लागणे, जन्मतः टाळू दुभंगलेली असणे हीही कारणे आहेत.

आणि आनुवंशिकता आहेच. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्याचा पुढे आलेला खालचा जबडा इतिहासात प्रसिद्ध आहे. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स, जो १७०० मध्ये निधन पावला, त्याच्या चित्रांतही तो ठळक दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यांत विवाह झाल्याने हे लक्षण त्या घराण्यात अधिक तीव्र झाले असावे, असे आधुनिक अभ्यासकांनी दाखवले आहे. ज्या घरात आजोबा, वडील किंवा आत्या यांचा खालचा जबडा पुढे आहे, त्या घरात "आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे" हे वाक्य समाधानाचे ठरू नये. मुलाला लवकर दाखवण्याचे ते एक अधिक कारण आहे.

टाळूतली शिवण

लहानपणी उपचार का सोपे असतात, याचे उत्तर टाळूच्या मध्यरेषेत आहे. वरचा जबडा दोन अर्ध्या भागांनी बनलेला असतो आणि त्यांच्यामध्ये एक शिवण असते. बालवयात ती पक्की झालेली नसते. दोन्ही बाजूंना हलका, नियमित दाब दिला की ती हळूहळू विलग होते आणि मधल्या जागेत नवे हाड भरते. पौगंडावस्थेत ही शिवण घट्ट होत जाते. प्रौढ वयात तेच काम करायचे तर हाडात बसवलेल्या स्क्रूची किंवा शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागू शकते.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील एमर्सन अँजेल या दंतवैद्याने १८६० मध्ये सुमारे साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून जबडा रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळच्या अनेक सहव्यावसायिकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात, अँड्र्यू हास यांच्या कामामुळे ही पद्धत पुन्हा मान्यता पावली. आज ती जगभर नित्याची झाली आहे. भारतात या शाखेच्या तज्ज्ञांची संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ पासून कार्यरत आहे.

उपचाराचे स्वरूप दोषानुसार बदलते. दुधाचा एखादा टोकदार सुळा आडवा येत असल्यामुळेच जबडा सरकत असेल, तर तो सुळा किंचित घासून काम भागते. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूत तारेचे किंवा स्क्रूचे साधन बसवतात. स्क्रूच्या साधनाला छोटी चावी असते. चावीचा एक पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आई किंवा वडील घरीच ती फिरवतात. काही दिवसांत वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट पडते. ती पाहून घरात घबराट होते, पण ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण असते आणि पुढे ती बहुधा आपोआप मिटते. रुंदी मिळाल्यावर साधन लगेच काढत नाहीत. नवे हाड पक्के होईपर्यंत काही महिने ते जागेवरच ठेवतात. घाईने काढले तर मिळवलेले गमावण्याची भीती असते.

पुढचा एखादा दातच उलटा बसला असेल तर स्प्रिंग लावलेली काढ-घालीची प्लेट अनेकदा काही महिन्यांत तो पुढे आणते. वरचा जबडाच मागे राहिला असेल आणि त्यामुळे खालचा पुढे दिसत असेल, तर कपाळ व हनुवटीचा आधार घेऊन वरच्या जबड्याला रबरांनी पुढे ओढणारे फेसमास्क नावाचे साधन वापरतात. ते रोज बारा-चौदा तास, म्हणजे मुख्यतः संध्याकाळी व झोपेत, सहा महिने ते वर्षभर लावावे लागते. आठ ते दहा वर्षांच्या आत सुरुवात केल्यास त्याचा परिणाम चांगला मिळतो. तरीही खालचा जबडा किशोरवयाच्या अखेरपर्यंत वाढत असतो. म्हणून काही मुलांत, विशेषतः आनुवंशिक दोष तीव्र असल्यास, अठराव्या वर्षानंतर शस्त्रक्रियेची गरज उरू शकते. प्रामाणिक डॉक्टर हे आधीच सांगतात.

सगळेच लवकर नको

लवकर उपचार याचा अर्थ सातव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या दातांना तारा लावणे असा मुळीच नाही. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करावी असे सुचवते. सुचवते ती तपासणी. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्या तपासणीचा निष्कर्ष "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा" एवढाच असतो.

सात ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दातांत फट असणे, ते थोडे फाकलेले दिसणे हे बहुधा नैसर्गिक असते. इंग्रजीत या अवस्थेला कुरूप बदकाच्या पिलाची अवस्था असे गमतीने म्हणतात, कारण सुळे आले की फट मिटते आणि चेहरा पालटतो. किरकोळ दाटीवाटीसाठीही पक्के दात येईपर्यंत थांबता येते.

वरचे दात फार पुढे आणि खालचा जबडा मागे, या दोषाबाबत विशेष विवेक हवा. सात-आठ वर्षांच्या वयात एकदा आणि किशोरवयात पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार केलेल्या मुलांची तुलना किशोरवयात एकदाच उपचार झालेल्या मुलांशी अनेक अभ्यासांत झाली आहे. शेवटी दात व जबडा यांच्या स्थितीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लवकर उपचारांचा स्पष्ट लाभ एकच दिसला, तो म्हणजे पडल्या-झडल्यास पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी होते. म्हणून फार पुढे आलेले दात असलेल्या, खेळकर, वारंवार पडणाऱ्या किंवा शाळेत चिडवण्याने खचलेल्या मुलासाठी लवकर उपचार योग्य ठरतात. इतरांसाठी उंची झपाट्याने वाढू लागते तो काळ, मुलींत साधारण दहा ते बारा आणि मुलांत बारा ते चौदा, अधिक फलदायी असतो.

व्यापारी माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. माल केव्हा उचलायचा आणि केव्हा थांबायचे, यातच व्यापाराचे कसब असते. सरकणारा जबडा, हिरडीला इजा करणारा उलटा दात, मागे राहिलेला वरचा जबडा आणि वेळेआधी गेलेली दुधाची दाढ ही तातडीची खाती आहेत. उरलेल्या बहुतेक तक्रारी मुदतीवर ठेवता येतात. मात्र त्या मुदतीची नोंद डॉक्टरांच्या वहीत झालेली असावी.

घरी पाच मिनिटांची पाहणी

मुलाला उजेडात, पाठ सरळ ठेवून बसवावे. थुंकी गिळून मागच्या दाढांवर चावायला सांगावे आणि गाल हळूच बाजूला करून पाहावे. वरच्या दाढा बाहेर आहेत की आत? दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? मग तोंड सावकाश उघडायला व मिटायला सांगावे. मिटताना शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सरकते का? पुढून पाहिल्यास वरच्या दोन मधल्या दातांची रेषा खालच्या रेषेशी जुळते का? बाजूने पाहिल्यास खालचा ओठ फार पुढे किंवा फार मागे वाटतो का? रात्री मूल तोंड उघडे ठेवून झोपते का, घोरते का? यांपैकी एकाचेही उत्तर शंकास्पद असेल तर दाखवून घ्यावे. ही पाहणी निदान नव्हे. डॉक्टर दातांचे साचे किंवा स्कॅन आणि गरजेपुरते क्ष-किरण चित्र घेऊन निदान करतात.

कोठे दाखवावे, काय विचारावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरोग्य पथक येते. दुभंगलेले ओठ व टाळू आणि दातांचे विकार यांचा तपासणीच्या यादीत समावेश आहे. पण ही शालेय तपासणी शासकीय व अनुदानित शाळांसाठी आहे. व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले खासगी इंग्रजी शाळांत जातात, तेथे हे पथक जात नाही. परिणामी ऊसतोड मजुराच्या अंगणवाडीतील मुलाचे तोंड वर्षातून दोनदा तपासले जाते आणि सुखवस्तू घरातील मुलाचे एकदाही तपासले जात नाही, असे घडू शकते. ही उणीव पालकांनी स्वतः भरून काढायला हवी. समाजाच्या मंडळांनीही पाठशाळेतील मुलांसाठी वर्षातून एक दंत तपासणी शिबिर घेतले तर ते मोलाचे वैयावच्च ठरेल.

अंकुशनगर-अंबड परिसरातील कुटुंबांना जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही शहरे खरेदीच्या निमित्ताने जवळची आहेत. जालन्याला गुरू गणेश धामाच्या दर्शनाला जाणे होतेच. त्याच फेरीत मुलाची तपासणी बसवता येते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग असतो आणि शासकीय दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात. प्रतीक्षा मात्र करावी लागते.

डॉक्टर निवडताना त्यांची राज्य दंत परिषदेकडील नोंदणी आणि एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी ऑर्थोडॉन्टिक्स किंवा बालदंतवैद्यकात आहे का, हे निःसंकोच विचारावे. पुढचे प्रश्नही व्यवहाराचे आहेत. दोष हाडाचा आहे की फक्त दातांचा? आत्ता केले नाही तर काय बिघडेल? हा उपचार शेवटचा की किशोरवयात दुसरा टप्पा लागेल? दोन्ही टप्प्यांचा अंदाजित खर्च लेखी मिळेल का? साधन तुटल्यास वेगळे पैसे पडतील का? पैसे हप्त्यांनी देता येतील का? आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसींत अशा दंतोपचारांचा खर्च बहुधा मिळत नाही, म्हणून पॉलिसीतील अटी आधीच वाचाव्यात. खर्चाबरोबर वेळेचाही हिशेब मांडावा. महिन्या-दीड महिन्याने एक फेरी, अशी वर्षभराची तयारी नसेल तर साधन बसवून उपयोग नाही. दिवाळीच्या गर्दीत चुकलेल्या दोन फेऱ्या उपचार कित्येक महिने मागे नेऊ शकतात.

आहार आणि नियम

जैन घरांतील दिनचर्या या उपचारांना पुष्कळ अंशी पोषकच आहे. चोविहार पाळणाऱ्या मुलाचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते. त्याच वेळी, नियम सुरू होण्याआधी, नीट दात घासले तर रात्रभर दातांवर अन्नाचा कण राहत नाही. रात्री उशिरा दूध-बिस्किट खाऊन झोपणाऱ्या मुलापेक्षा त्याचे दात सुरक्षित राहतात. अडचण होते ती जेवणानंतर घाईत दात घासायचे राहून जातात तेव्हा. मग साधनाभोवती अडकलेले अन्न सकाळी नवकारसी येईपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत, तसेच राहते. म्हणून संध्याकाळच्या जेवणाची वेळ दहा मिनिटे अलीकडे घ्यावी आणि ती दहा मिनिटे ब्रशसाठी राखावीत. पर्युषणात मुलाला उपवास किंवा एकासणे करायचे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे साधन आवळण्याची तारीख त्या दिवसांत येणार नाही.

खाण्यात थोडा संयम लागतो. कडक खाकरा, चिक्की, भाजलेले चणे यांनी तारा निसटतात. खाकरा दुधात किंवा वरणात भिजवून चालतो. अंकुशनगरच्या मुलांसाठी सर्वांत कठीण त्याग उसाचा. दाताने सोलून कांडे चघळण्याचा आनंद काही महिने सोडावा लागतो. रस घ्यावा, पण जेवणाबरोबर, आणि नंतर चूळ भरावी.

प्लेट असो वा फेसमास्क, काढ-घालीच्या साधनाचे यश तासांवर ठरते. कपाटात ठेवलेली प्लेट दात सरकवत नाही. येथे जैन घरातील मुलाला एक जमेची बाजू असते. नियम घेणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. कंदमूळ न खाण्याचा, रोज देवदर्शनाचा किंवा सामायिकाचा नियम ज्याने घरात पाहिला आहे, त्याला "हे साधन तुझा वर्षभराचा नियम" असे सांगितले की ते लवकर उमजते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोजचे तास त्यानेच लिहावेत आणि आजीने ते पाहावेत.

मुलगी आणि मुलगा

या विषयात एक नाजूक बाबही आहे. मुलीच्या दातांची काळजी अनेक घरांत बारा-पंधराव्या वर्षी एकदम सुरू होते, कारण तेव्हा पुढच्या स्थळांचा विचार मनात येऊ लागतो. मुलाच्या दातांचा विचार होतच नाही, कारण "मुलाला काय फरक पडतो?" दोन्ही विचारांत जबडा बाजूलाच राहतो. नीट चावता येणे, हिरड्या शाबूत राहणे, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा वाढणे ही मुलाचीही गरज आहे आणि मुलीचीही, आणि ती सातव्या वर्षीची गरज आहे. शाळेत चिडवले जाणारे मूल हसताना हात तोंडावर नेऊ लागते. ती सवय घरात सर्वांत आधी आजीच्याच लक्षात येते.

म्हणून शेवटी पुन्हा त्या घराकडे वळावे. हंगाम ऐन भरात आहे, दुकानात गर्दी आहे. तरीही एका सकाळी नात, आई आणि आजी जालन्याच्या गाडीत बसतात. डॉक्टर मुलीला दाढांवर चावायला सांगतात आणि आजीच्या हाती आरसा देतात. वरची दाढ खालच्या दाढेच्या आत बसलेली आजी प्रथमच पाहते. तिच्या वाकड्या वाटणाऱ्या हनुवटीचे कारण हनुवटीत नाही, हे तिला तेव्हा कळते. परतीच्या वाटेवर ती सुनेला एवढेच म्हणते, "चावी मी फिरवत जाईन. माझी वेळ चुकायची नाही." सात वर्षांच्या मुलीसाठी एवढे पुरेसे असते. तेराव्या वर्षी हीच गोष्ट अधिक अवघड, अधिक वेदनेची आणि अधिक खर्चाची झाली असती.